जप्ती आणि नादारी : शेतकऱ्यापाशी काय राहते?

मागे एका हंगामात प्रस्तुत लेखक बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखविण्यासाठी एका कोरडवाहू गावी गेला होता. मृग निघून आठवडा झाला होता, वाफसाही चांगला होता. परंतु एका शेतकऱ्याचे रान तसेच पडून होते. चौकशी करता कळले की, खत-बियाण्याच्या उधारीपायी त्याच्यावर दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा झाला होता. "आता बेलीफ येईल आणि बैल सोडून नेईल" असे कोणीतरी त्यास सांगितले. त्या भयाने त्याने फाल्गुनातच बैलजोडी आठवड्याच्या बाजारात पडत्या भावाने विकली, आलेला पैसा धनकोस दिला आणि पेरणीच्या वेळी तो दुसऱ्याच्या जोडीची वाट पाहत बसला. बेलीफ त्याच्या दारी कधी आलाच नाही. आला असता तरी ती जोडी जप्तीतून वाचविण्याचा अधिकार कायद्याने त्यास दिलेला होता. हे त्यास ठाऊक नव्हते. आणि हे सांगावयास संकोच वाटतो, पण त्या दिवसापर्यंत ते प्रस्तुत लेखकासही नीटसे ठाऊक नव्हते.

कृषि विस्ताराचे काम करणाऱ्यांस बियाणे, खते व कीडनाशके यांची माहिती असते. जप्तीचा विषय वकिलांचा म्हणून आपण सोडून देतो. वस्तुतः ज्याचे बैल व अवजारे गेली त्याच्यापुढे सुधारित लागवडीच्या गोष्टी बोलून उपयोग नाही. म्हणून कर्ज बुडीत निघाले असता शेतकऱ्याची कोणती मालमत्ता कायद्याने त्याच्याजवळ राहते, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानी घ्यावा. धनको न्यायालयात जाऊन हुकूमनामा मिळवितो आणि त्याच्या वसुलीसाठी दरखास्त दाखल करतो, तेव्हा होते ती जप्ती. एका धनकोने एका कर्जासाठी केलेली ती कारवाई असते. ऋणकोस आपली सर्व देणी फेडणे अशक्य झाले आणि न्यायालयाने त्यास तसे ठरविले म्हणजे ती नादारी. यालाच बोलीभाषेत दिवाळे म्हणतात. नादारीत सर्व धनकोंचा एकत्र विचार होतो. या दोहोंत ऋणकोपाशी काय राहावे याची यादी मात्र बहुतांशी एकच आहे. १९२० च्या प्रांतिक नादारी कायद्याच्या कलम २८ मध्ये असे म्हटले आहे की, दिवाणी प्रक्रिया संहितेने जी मालमत्ता जप्ती व विक्रीतून वगळली आहे ती नादाराच्या वाटपावयाच्या मालमत्तेत धरावयाची नाही. अपवाद एवढाच की, हिशेबाच्या वह्या जप्त होत नसल्या तरी नादारीत त्या हजर कराव्या लागतात. तेव्हा मूळ पाहावयाचे ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ६०.

या कलमाप्रमाणे ऋणको, त्याची पत्नी व मुले यांचे आवश्यक कपडेलत्ते, स्वयंपाकाची भांडी व अंथरूण-पांघरूण यांस हात लावता येत नाही. धर्माचाराप्रमाणे स्त्रीस जे अलंकार अंगावेगळे करता येत नाहीत, तेही वगळलेले आहेत. मंगळसूत्र हे त्याचे आपल्याकडील सहज कळणारे उदाहरण होय. इतर दागिन्यांस हे संरक्षण नाही. परंतु जे स्त्रीधन पत्नीच्या स्वतःच्या मालकीचे आहे ते मुळातच पतीची मालमत्ता नव्हे. पतीच्या कर्जासाठी ते जप्त झाल्यास तिने स्वतःच्या नावाने न्यायालयात हक्क सांगावा.

यानंतर शेतकऱ्याच्या खास हिताचा भाग येतो. ऋणको शेतकरी असल्यास त्याची शेतीची अवजारे, तसेच शेतकरी म्हणून उपजीविका करण्यास न्यायालयाच्या मते आवश्यक असतील तेवढी जनावरे व बियाणे यांची जप्ती होत नाही. नांगर, वखर, कुळव, तिफण, कोळपे, विळे-खुरपी यांविषयी सहसा वाद उद्भवत नाही. जनावरांच्या बाबतीत मात्र "न्यायालयाच्या मते आवश्यक" हे शब्द महत्त्वाचे आहेत. कोरडवाहू दहा एकरांसाठी एक जोडी लागते हे न्यायालयास पटविणे कठीण नाही. पण दावणीला असलेली चौथी म्हैसही शेतीस आवश्यक आहे हे पटवून द्यावे लागेल. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याचेही तसेच. घरचे बियाणे खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवलेले असेल तर ते बियाणे आहे हे सांगणार कसे? आम्ही बियाणे वेगळ्या कणगीत वा पोत्यात निवडून, वाळवून, चिठ्ठी लावून ठेवण्यास सांगतो ते उगवणशक्तीसाठी. त्याचा हाही एक उपयोग आहे. ट्रॅक्टर अथवा मोठ्या यंत्रांविषयी निःशंक आश्वासन कोणीही देऊ नये. ती बहुधा कर्जावर घेतलेली व त्या कर्जास तारण असतात, आणि तारणाची गोष्ट निराळी आहे. ती पुढे येईल.

शेतकऱ्याचे राहते घर हेही जप्तीतून वगळलेले आहे. घराचे साहित्य, त्याखालची जागा आणि घराच्या उपभोगास आवश्यक अशी लगतची जागा यांचा त्यात समावेश होतो. शेतमजूर व इतर मजूर तसेच घरगुती नोकर यांच्या घरांसही हेच संरक्षण आहे. अट एवढी की, घर त्याचे स्वतःचे असावे व तो त्यात राहत असावा. भाड्याने दिलेले दुसरे घर यात येत नाही. त्या घराच्या किंवा जागेच्याच भाड्याबद्दल हुकूमनामा असेल तर मात्र संरक्षण मिळत नाही.

मजुरांची मजुरी, रोख असो वा धान्याच्या रूपात, पूर्णपणे सुरक्षित आहे. पगारदाराच्या बाबतीत, पोटगीच्या हुकूमनाम्याखेरीज इतर हुकूमनाम्यांसाठी पगाराचे पहिले १००० रुपये व उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश वगळले जातात. निवृत्तिवेतन, भविष्य निर्वाह निधी आणि ऋणकोच्या आयुर्विम्याची रक्कम हीही यादीत आहेत.

आता शेतकऱ्यास न आवडणारी, पण स्पष्ट सांगितलीच पाहिजे अशी गोष्ट. शेतजमीन या यादीत नाही. अनेकांची समजूत अशी आहे की घर वाचते तशी जमीनही वाचते. ही समजूत आपल्या भागात पूर्वी एका काळी खरी होती. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगल झाली व ती आसपास पसरली. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्यात असे कलम होते की, शेतकऱ्याची स्थावर मालमत्ता त्या कर्जास खास गहाण दिलेली असल्याशिवाय हुकूमनाम्याच्या वसुलीत जप्त होणार नाही वा विकली जाणार नाही. तो कायदा पुढे रद्द झाला. आजोबा-पणजोबांच्या तोंडून आलेली ती समजूत मात्र गावोगावी टिकून आहे. आज तिच्यावर विसंबून न्यायालयाच्या नोटिसा परत पाठविणारा शेतकरी स्वतःचे नुकसान करून घेतो.

जमिनीची जप्ती झाली तरी सर्वच संपले असे नाही. हुकूमनाम्याची रक्कम भागेल एवढाच भाग न्यायालयाने विकावयाचा असतो. दोन एकरांत काम भागत असताना आठ एकरांचा लिलाव होऊ लागला तर हरकत घ्यावी. लिलाव झाल्यावरही ६० दिवसांच्या आत खरेदीदारासाठी खरेदी किमतीच्या शेकडा ५ इतकी रक्कम आणि विक्रीच्या जाहीरनाम्यात दाखविलेली येणे रक्कम न्यायालयात भरल्यास विक्री रद्द होऊ शकते. हे साठ दिवस कित्येकदा नातलगांकडे रडगाणे गाण्यात निघून जातात.

उभ्या पिकाची जप्ती होऊ शकते. पिकाचा कोणता हिस्सा वगळावा हे ठरविण्याचा अधिकार कलम ६१ अन्वये राज्य शासनास आहे. पुढील हंगामापर्यंत जमिनीची लागवड व कुटुंबाचे पोषण व्हावे, असा त्याचा हेतू सांगितला आहे. जप्तीनंतरही पिकाची राखण, कापणी व साठवण ऋणकोस न्यायालयाच्या अटींवर करता येते. ही मुभा अवश्य वापरावी. रागाने पीक तसेच सोडून दिल्यास धनकोचे थोडे व आपले फार जाते. भाजीपाल्यासारखे, स्वभावतः साठविता न येणारे पीक काढणीस येण्यास वीसपेक्षा कमी दिवस उरले असता जप्त करता येत नाही.

हे सर्व संरक्षण "शेतकऱ्यास" आहे. मग शेतकरी कोण? सातबाऱ्यावर नाव आहे तो, असे उत्तर बहुतेक जण देतील. कायद्याचे उत्तर वेगळे आहे. जो जमीन जातीने कसतो व ज्याची उपजीविका मुख्यतः शेतीच्या उत्पन्नावर चालते तो शेतकरी. मग तो मालक असो, कूळ असो, भागीदार असो वा शेतमजूर असो. जातीने कसणे म्हणजे स्वतःच्या श्रमाने, कुटुंबातील माणसांच्या श्रमाने, अथवा रोख किंवा धान्यरूपाने मजुरी देऊन लावलेल्या मजुरांकडून कसणे. मात्र ती मजुरी पिकाचा हिस्सा या स्वरूपाची असता कामा नये. म्हणजे अर्धेलीने वा बटईने दिलेली जमीन ही मालकाने जातीने कसलेली जमीन ठरणे अवघड, आणि ती प्रत्यक्ष कसणारा बटईदार मात्र या व्याख्येत येऊ शकतो. याचा फटका कोणास बसतो ते पाहावे. शहरात दुकान थाटून गावची जमीन बटईने देणाऱ्याविषयी कोणास फारसे वाईट वाटणार नाही. पण घरात कर्ता पुरुष उरला नाही म्हणून जमीन बटईने देणारी विधवा भगिनीही याच अडचणीत सापडते. तिने शक्य असल्यास मजुरी देऊन शेती करवून घ्यावी, मजुरीच्या नोंदी ठेवाव्यात आणि पीकपाहणीत स्वतःच्या वहिवाटीची नोंद होते की नाही ते दरवर्षी पाहावे.

तारणाविषयी वर उल्लेख आला. सर्व संरक्षणात जर कोठे मोठे भगदाड असेल तर ते येथे आहे. उधारीच्या, हातउसन्या किंवा साध्या वचनचिठ्ठीच्या कर्जाचा हुकूमनामा असला तर वरील यादी लागू पडते. परंतु घर, जमीन, ट्रॅक्टर वा दागिने शेतकऱ्याने स्वतःच त्या कर्जास गहाण अथवा तारण लिहून दिले असतील, तर त्या वस्तूपुरता तारणदार धनकोचा हक्क आधी येतो. राहते घर गहाण टाकून काढलेल्या कर्जात "हे तर शेतकऱ्याचे घर" हे उत्तर उपयोगी पडत नाही. नादारीतही तारणदार धनकोचा आपल्या तारणावरील हक्क अबाधित राहतो. याच्या अगदी उलट स्थिती दुसऱ्या एका कागदाची आहे. काही धनको कर्ज देताना लिहून घेतात की, "वसुलीच्या वेळी कायद्याने मिळणारी कोणतीही सूट मी मागणार नाही." असा करार शून्यवत् आहे, असे कलम ६० मध्येच १९७६ च्या दुरुस्तीने घातले आहे. अशी चिठ्ठी लिहून दिली असली तरी घाबरू नये. गहाणखतावर सही करताना मात्र दहा वेळा विचार करावा, आणि निदान राहते घर त्यात येत आहे काय, हे स्वतः वाचून किंवा विश्वासू माणसाकडून वाचवून घ्यावे.

बँकांनी न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा जो २००२ चा कायदा आहे, तो शेतजमिनीवरील तारणास लागू होत नाही. याचा अर्थ बँकेस वसुलीचा अन्य मार्ग नाही असा नव्हे. सहकारी संस्थांची वसुली १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाप्रमाणे व जमीन महसुलाची थकबाकी १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे होते. त्या पद्धती निराळ्या आहेत. त्या संबंधात कलम ६० चे नाव घेऊन शेतकऱ्यास परस्पर अभय देऊ नये. नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे ते प्रथम पाहावे.

प्रत्यक्ष जप्तीच्या वेळी काय करावे? सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी जप्तीसाठी राहत्या घरात शिरता येत नाही. दिवसा बेलीफ आल्यास त्याच्याशी हमरीतुमरी करू नये. तो न्यायालयाचा हुकूम बजावीत असतो, आणि त्यास अडविणे हा वेगळा अपराध होतो. वॉरंट पाहावे, त्याचा क्रमांक व तारीख लिहून घ्यावी आणि अवजारे, बैल, बियाणे यांची नोंद पंचनाम्यात "शेतीची" म्हणूनच होईल असे पाहावे. त्यानंतर विनाविलंब ज्या न्यायालयाची दरखास्त आहे तेथे हरकतीचा अर्ज द्यावा. आपण शेतकरी आहोत व ही वस्तू आपणांस आवश्यक आहे हे दाखविण्याची तयारी ऋणकोनेच ठेवावी लागते. न्यायालय आपण होऊन गोठा पाहावयास येत नाही. सातबारा व आठ-अचे उतारे, पीकपाहणीची नोंद, घराचा ग्रामपंचायतीकडील उतारा व करपावती, जनावरांच्या लसीकरणाची नोंद, बियाण्याच्या पावत्या हे कागद येथे कामी येतात.

तुरुंगाच्या भयाविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फिटले नाही म्हणून दिवाणी कैद देता येत नाही. ऐपत असून देत नाही, किंवा मालमत्ता लपविली, असे काही न्यायालयास आढळावे लागते. ऐपत मोजताना जप्तीतून वगळलेली मालमत्ता हिशेबात धरावयाची नाही. हुकूमनाम्याची रक्कम २००० रुपयांपर्यंत असेल तर अशी कैद नाहीच, आणि पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीस अटक करता येत नाही.

राहिली नादारी. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत व्यक्तींसाठी नवा भाग आहे. त्यातही धंद्याची अवजारे, घरगुती आवश्यक सामान, विमा व विहित किमतीपर्यंतचे एक राहते घर वगळलेले आहे, मात्र ते बोजारहित असावे लागते. पण तो भाग १ डिसेंबर २०१९ पासून केवळ कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला आहे. सामान्य शेतकऱ्यास १९२० चाच कायदा पाहावा लागतो. देणी ५०० रुपये वा अधिक असून ती फेडणे अशक्य झाल्यास, अथवा हुकूमनाम्यापायी अटक वा जप्ती झाली असल्यास ऋणकोस स्वतः अर्ज करता येतो. नादार ठरल्यावर धनकोंस न्यायालयाच्या परवानगीवाचून त्याच्यावर वेगवेगळे दावे लावता येत नाहीत. पाठीमागचा ससेमिरा थांबतो. पण वगळलेल्या वस्तू सोडून बाकी सर्व मालमत्ता, जमिनीसह, न्यायालयाच्या किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याच्या हाती जाते. नादारीतून मुक्तता मिळण्यापूर्वी नवीन मिळविलेली मालमत्ताही तिकडेच जाते. मुक्तता मिळेपर्यंत स्थानिक संस्थेच्या निवडणुकीस उभे राहता येत नाही. म्हणून ज्याच्याजवळ जमीन नाही व हातउसन्याचे देणे डोईजड झाले आहे अशा मजुरास नादारी उपकारक ठरेल. पाच-सहा एकरांच्या मालकाने, प्रस्तुत लेखकाच्या मते, तडजोडीचे व हप्तेबंदीचे सर्व मार्ग संपल्यावरच तिचा विचार करावा.

मुक्तता देताना न्यायालय एक गोष्ट पाहते. विनातारण देण्यांच्या मानाने मालमत्ता रुपयास आठ आणेही भरत नसेल, तर ही स्थिती ज्याचा दोष आपल्यावर येत नाही अशा कारणाने आली हे नादारास पटवून द्यावे लागते. अवर्षण, गारपीट, महापूर ही अशी कारणे होत. येथे पीकनुकसानीचा पंचनामा व गावच्या पैसेवारीची नोंद हा मोठा पुरावा ठरतो. पंचनामा केवळ अनुदानासाठी असतो असे समजून अनुदान मिळताच तो फेकून देणारे शेतकरी आम्ही नित्य पाहतो.

शेवटी एका प्रचलित युक्तीविषयी सावध करावेसे वाटते. जप्तीची कुणकुण लागताच जमीन भावाच्या, बैल मेहुण्याच्या नावे करून देण्याचा सल्ला पारावर फुकट मिळतो. मोबदला न घेता केलेले असे हस्तांतर दोन वर्षांच्या आत ऋणको नादार ठरल्यास रद्द होऊ शकते. तीन महिन्यांच्या आत एकाच धनकोस झुकते माप देऊन केलेली फेडही उलटविता येते. मालमत्ता लपविणे हा तर शिक्षेस पात्र अपराध आहे. जे बैल कायद्याने राहणारच होते, ते लपविण्याच्या प्रयत्नात शेतकरी स्वतःची सचोटी गमावून बसतो, आणि मुक्ततेच्या वेळी न्यायालय पाहते ती सचोटीच.

वकिलाच्या खर्चाची अडचण असल्यास तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, अवर्षण-पुरासारख्या आपत्तीत सापडलेले लोक आणि ठरावीक मर्यादेखालील उत्पन्नाच्या व्यक्ती यांस विनामूल्य वकील मिळतो. समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयाच्या आवारात असते. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावात जप्तीची नोटीस आल्याचे कळताच त्या शेतकऱ्यास नोटिशीसह तेथे पाठवावे, आणि बैल बाजारात नेण्याची घाई करू नको, एवढे त्याच दिवशी सांगावे.